चौकटीतली तार

आपल्याकडची तारसेवा २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली. एके काळी दारात तारवाला दिसला, की तार वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. तार वेळेवर मिळाली, तरच मुंबईला नोकरी करणारा मुलगा गावी माती द्यायला पोहोचायचा. म्हणूनच सॅम्युअल मोर्सच्या आयुष्यातला १८२५चा फेब्रुवारी माझ्या मनातून जात नाही.

मोर्स तेव्हा चित्रकार होता. अमेरिकेत येल कॉलेजात शिकलेला, लंडनच्या रॉयल अकादमीत हात घडवलेला. पण पोटासाठी गावोगाव फिरून लोकांच्या तसबिरी रंगवणारा. न्यूयॉर्क शहरानं त्याला लाफायेत या फ्रेंच सेनानीचं पूर्णाकृती चित्र काढायला सांगितलं. त्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला आणि इकडे न्यू हेवनला ७ फेब्रुवारीला त्याची पत्नी लुक्रेशिया वारली. वय पंचवीस, महिन्यापूर्वीच बाळंत झालेली. दुसऱ्या दिवशी हा तिलाच पत्र लिहीत होता, लाफायेत कसा भेटला ते! वडिलांचं पत्र मिळून तो घरी पोहोचला, तोवर दफन उरकलं होतं.

या दुःखातून तारायंत्र जन्मलं, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. मध्ये सात वर्षं गेली. १८३२ मध्ये युरोपातून परतताना जहाजावर विद्युतचुंबकाच्या गप्पा निघाल्या आणि विजेनं मजकूर धाडायची कल्पना त्याच्या डोक्यात शिरली. शिवाय जोसेफ हेन्रीचं संशोधन, प्राध्यापक गेल यांचं मार्गदर्शन, आल्फ्रेड व्हेलचे कसबी हात यांच्यावाचून त्याचं यंत्र चाललं नसतं. श्रेय वाटताना मात्र मोर्सचा हात आखडता असे.

पण त्याच्यातला चित्रकार त्या यंत्रात होताच. १८३७चं यंत्र म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, टेबलाच्या कडेला ठोकलेली. तिच्यात लोंबता दांडा, दांड्याला पेन्सिल, खाली सरकती कागदाची पट्टी. वीज आली, की चुंबक दांडा खेचणार आणि रेघ वाकडी होणार. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या संसदभवनातल्या भव्य चित्राचं काम त्याला नाकारलं गेलं. मग कुंचला जवळजवळ सुटलाच. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार गेली. तिच्या लिपीत, इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या 'ई'ला एकच टिंब! शब्दांची काटकसर आम्ही कवींनीही शिकावी ती इथे.

हाच माणूस गुलामगिरीचं समर्थन करायचा. कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध लिहायचा. १८३६ मध्ये तोच मुद्दा घेऊन न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला आणि सपशेल पडला. दूरची गावं जोडायला निघालेल्याला दुसऱ्या पंथाचा शेजारी मात्र नको होता. हे मला बोचतं, आणि त्याच्या दुःखाची आठवण देऊन ते झाकावंसं वाटत नाही.

लाफायेतचं चित्र त्यानं पत्नी गेल्यावर पुरं केलं. ते न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये आहे. सेनानी ताठ उभा आहे आणि मागं मावळतीचं आभाळ.