सस्पेन्समधली एंट्री

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला विषय दिला 'निवृत्तीनंतरचा समतोल'. हा विषय मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, "काका, तुम्ही अडतीस वर्षं बँकेत काढलीत. बॅलन्स जमवणं तुम्हाला नाही तर कुणाला माहीत?" मी हो म्हटलं. मग आठ दिवस विचार केला तेव्हा लक्षात आलं, की गेल्या वर्षभरात माझा बॅलन्स एक दिवससुद्धा जमलेला नाही. तेव्हा तो कसा जमवावा हे मी सांगू शकत नाही. कसा जमला नाही, ते सांगतो. दहा मिनिटं दिलेली आहेत. घड्याळाचं खातं आमच्या सौभाग्यवतींकडे आहे, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

गेल्या दिवाळीनंतर एका महिन्यात तीन गोष्टी अंगावर आल्या. पहिली म्हणजे माझा रिपोर्ट. वजन 86 किलो आणि एचबीएवनसी 8.4. ही तपासणी ज्यांना माहीत नाही त्यांना बँकेच्या भाषेत सांगतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे आजची शिल्लक. ती आदल्या दिवशी कमी जेवून दाखवता येते. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. तिथे लबाडी चालत नाही. डॉक्टरांनी आठ किलो कमी करायला सांगितलं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी एक तक्ता हातात दिला. त्यात भाकरी एक, भात दोन चमचे, आणि गोडाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

दुसरी गोष्ट, स्मरणिका समितीने संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला मला सांगितलं आणि मिनिट्सबुकं घरी आणून टाकली. तिसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा माझा मित्र, आपल्या संस्थेचा पहिला खजिनदार, त्याचं डायलिसिस सुरू झालं. भाषणात माझं नाव घ्यायचं नाही, अशी त्याने ताकीद दिली आहे. म्हणून घेत नाही. बँकेत आम्ही त्याला 'डे-बुक' म्हणायचो, तेच म्हणतो.

डे-बुक म्हणजे काय, हे आत्ताच्या मुलांना सांगायला हवं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा दिवसभराची सगळी व्हाउचरं संध्याकाळी एका पुस्तकात उतरायची. जमा आणि नावे यांची बेरीज सारखी यायला हवी. दहा पैशांचा फरक असला तरी हा गृहस्थ घरी जायचा नाही आणि आम्हालाही जाऊ द्यायचा नाही. मी म्हणायचो, "टाक ना सस्पेन्सला." ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवायची पद्धत असते. तो म्हणायचा, "तात्पुरतं म्हणतात आणि विसरतात." खरं होतं ते. इन्स्पेक्शनला आलेला साहेब आधी तेच रजिस्टर मागायचा.

त्याचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळची पहिली पाळी, सात ते अकरा. मुलगा कॅनडात, वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मग मीच जायला लागलो. सव्वासहाला रिक्षा. चार तास बाहेरच्या बाकावर नुसतं बसून काय करायचं, म्हणून पिशवीतून मिनिट्सबुकं न्यायला लागलो. संस्थेचा इतिहास असा दवाखान्याच्या बाकावर लिहिला गेला आहे.

तिथल्या दोन गोष्टी आधी मला माहीत नव्हत्या. मशीनला लावायच्या आधी आणि नंतर पेशंटचं वजन करतात. अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढल्यावर जे उरतं त्याला ड्राय वेट म्हणतात, आणि दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून पाण्यावर बंदी. त्याला दिवसाला एक लिटर, आणि त्यातच चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. तो सकाळी एका तांब्यात मापून ठेवतो. तांब्या संपला की दिवस संपला. उन्हाळ्यात फार झालं तर जिभेवर बर्फाचा एक खडा. इकडे माझ्या तक्त्यात लिहिलेलं, पाणी भरपूर प्या. त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावायची मला लाज वाटायची. मी बाहेर जाऊन प्यायचो. एकदा म्हणाला, "इथेच पी रे. बघून तरी बरं वाटतं."

दुसरी गोष्ट पोटॅशियम. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यायचं. केळं नाही, टोमॅटो नाही, आणि शहाळं तर अजिबात नाही. आजाऱ्याकडे जाताना आपण प्रेमाने शहाळं नेतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयाला ते धोक्याचं ठरू शकतं. पहिल्या महिन्यात आपल्या सोसायटीतून त्याच्याकडे अकरा शहाळी आली. त्यातली बरीच मी प्यायलो, तो हिशेब वेगळा. पण यापुढे कुणाकडेही नेताना आधी विचारा, ही विनंती.

मी लिहिलेलं त्याला आत जाऊन वाचून दाखवायचो. पहिल्या उन्हाळ्यात बोअर आटली होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. मी लिहिलं होतं, 'भीषण पाणीटंचाईला संस्थेने धैर्याने तोंड दिले.' तो म्हणाला, "भीषण काढ. टँकर एकेचाळीस आले होते, ते लिही." मी रजिस्टर पाहिलं. एकेचाळीसच. रात्री दीड-दोनला टँकर यायचा तेव्हा हा टॉर्च आणि एक वेळूची काठी घेऊन खाली उतरायचा आणि काठी आत बुडवून टँकर भरलेला आहे की नाही ते बघायचा. आपण तेव्हा झोपलेलो असायचो. हे कुठल्याही मिनिट्सबुकात नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मशीन चालू असताना त्याने विचारलं, "तुझ्या धाकट्याचं काय?"

ही चौथी गोष्ट. ती वर्षभरातली नाही, चौदा वर्षांची आहे. आईच्या माघारी, 2011 साली, आमच्या वाईच्या घराचा प्रश्न आला. कृष्णेच्या घाटाजवळचं जुनं घर, धाकटा भाऊ तिथेच राहणारा. मी नुकताच रिटायर झालो होतो. माझा वाटा मी त्याला वकिलाच्या पत्राने मागितला. पैशांची गरज होती असं नाही. हिशेब बरोबर व्हायला हवा होता. त्याने डागडुजीचा खर्च कळवला, मी पावत्या मागवल्या. आईचं शेवटचं नऊ वर्षांचं दुखणं त्याने आणि त्याच्या बायकोने काढलं होतं, त्याची पावती कुठून येणार? त्याने मी म्हणेन तेवढ्या रकमेचा चेक पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. चेक मी वटवला. आमच्या हॉलमधला सोफा, ज्यावर तुमच्यातले बहुतेक जण बसून गेले आहेत, तो त्या पैशातला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

डे-बुक म्हणाला, "चौदा वर्षं सस्पेन्सला? इन्स्पेक्शनला काय सांगशील?"

त्या रात्री फोन केला. भावाचा पहिला शब्द, "कोण गेलं?" म्हटलं, "कुणी नाही." "मग?" "सहज केला." बराच वेळ काही आवाज नाही. मग "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. एप्रिलच्या मध्याला त्याच्या बायकोचा आमच्या हिला फोन आला, अक्षय्य तृतीयेला जेवायला या.

अक्षय्य तृतीया यंदा 30 एप्रिलला होती. बुधवार. म्हणजे डायलिसिसचा दिवस. मी म्हटलं, गुरुवारी जाऊ. डे-बुक चिडला. "सणाचं बोलावलंय आणि तू तारीख बदलून मागतोस? पुन्हा पत्रव्यवहार करणार का?" सी विंगमधला कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा म्हणाला, "काका, मी नेतो त्यांना." आम्ही स्वारगेटहून एसटी धरली. हिला महिला म्हणून अर्धं तिकीट, मला ज्येष्ठ म्हणून अर्धं. मला पंचाहत्तर पूर्ण झाली की माझं फुकट, हिचं अर्धंच, यावर कात्रजपर्यंत ऐकून घेतलं. खंबाटकीचा घाट उतरल्यावर मात्र दोघं गप्प झालो.

भाऊ स्टँडवर उभा होता. चेहऱ्याने ओळखला नसता. चालण्यावरून ओळखला, वडिलांसारखा एका खांद्याने वाकून चालतो. जुन्या विषयावर कुणीच काही बोललं नाही. मागची पडलेली भिंत बांधलेली दाखवली, विहीर दाखवली आणि पानं मांडली. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, आमरस. तक्ता माझ्या खिशात होता. ही माझ्याकडे बघत होती. भावजय दुसरी पोळी घेऊन आली, "भाऊजी, अर्धी तरी." चौदा वर्षं 'नको' म्हणून झालं होतं. पुन्हा तेच म्हणायला जीभ वळेना. अडीच पोळ्या खाल्ल्या आणि दोन वाट्या रस.

हात धुतोय तेवढ्यात सी विंगच्या मुलाचा फोन. चौथ्या तासाला डे-बुकचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं, सलाइन दिलं, आता शुद्धीवर आहेत पण रात्रभर ठेवणार. "तुम्हाला कळवू नको म्हणाले होते काका, पण मला राहवेना."

मला काही सुचेना. इथे मी रस ओरपतोय आणि तिथे तो माझ्याशिवाय त्या पलंगावर. मी असतो तर प्रेशर पडलं नसतं असं नाही, हे कळत होतं. तरी परतीच्या वाटेवर तेच डोक्यात होतं. परतीच्या एसटीत मात्र आम्ही तिघं होतो. भावाने काही न विचारता एक पिशवी भरली होती. "मी येतो बरोबर," एवढंच म्हणाला.

रात्री दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं भाऊ. दोनच्या सुमारास तो आपण होऊन बोलायला लागला. शेवटच्या वर्षी आईला वेळेचं भान राहिलं नव्हतं. रात्री उठून बसायची आणि विचारायची, "पुण्याची गाडी आली का?" तो सांगायचा, आली, दादा येऊन झोपलाय. मग ती आडवी व्हायची. हे मला त्याने चौदा वर्षं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

सकाळी डे-बुकने डोळे उघडले. माझ्याशेजारी भावाला बघून विचारलं, "एंट्री रिव्हर्स झाली का?" आणि मग, "कटाची आमटी कशी होती? नीट सांग." त्याला ती खाता येणार नाही. मी वही काढली आणि मसाल्याच्या वासासकट पानभर लिहून वाचून दाखवली. त्यातलं एकही विशेषण त्याने खोडलं नाही. लिहिल्याचं समाधान मला वर्षभरात तेवढं एकदाच झालं.

आता शिल्लक सांगतो. दुसऱ्या दिवशीची साखर 240. ऑगस्टमधला एचबीएवनसी 7.6, वजन 81. आठ किलो सांगितले होते, पाच झाले. संस्थेचा इतिहास 2014 पर्यंत नीट आहे, पुढची वर्षं दोन पानांत गुंडाळली आहेत. मानीव अभिहस्तांतरणासाठी ज्या समितीने चपला झिजवल्या, तिच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत. त्यांची जाहीर माफी मागतो. डे-बुक थकला आहे. वयामुळे किडनी बदलण्याचा विचार डॉक्टर करत नाहीत, डायलिसिस चालू राहणार. भाऊ महिन्यातून एकदा येतो, आमच्या त्याच सोफ्यावर झोपतो, आणि एक सोमवार माझ्याऐवजी तो जातो. तिथे त्या दोघांचं काय बोलणं होतं, ते मला कुणीच सांगत नाही.

हे भाषण काल रात्री डे-बुकने तपासलं. आत्ता तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून ऐकतो आहे, वर बघून हात केलात तर त्याला आवडेल. दहा मिनिटं होऊन गेली, हिने दोनदा घड्याळ दाखवलं. उद्या सोमवार. भाऊ रात्रीच आला आहे, पण सव्वासहाची रिक्षा मलाच सांगायची आहे, तेव्हा थांबतो. चहावाल्यांना विनंती, माझा बिनसाखरेचा.