डोक्यातली गुंतवळ

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचं डोकं एकाएकी असह्य दुखू लागलं. उलटी झाली, शुद्ध हरपली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कारण, रक्तवाहिन्यांची गुंतवळ. डॉक्टर तिला ‘एव्हीएम’ म्हणतात.

एरवी रोहिणीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून संथ होत नीलेत उतरतं. इथे मधलं जाळंच नसतं. रोहिणीचा सगळा जोर थेट नीलेवर येतो आणि कधीतरी भिंत फुटते.

गुंतवळ केवढी, कुठे आणि तिचं रक्त खोल नीलांत जातं का, यावरून १ ते ५ अशी प्रतवारी ठरते. ती १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी मांडली. भाच्याची प्रत दुसरी. गुंतवळ लहान, पण भाषेच्या केंद्राला लागून. अशा भागांना डॉक्टर ‘एलोक्वंट’, म्हणजे बोलके म्हणतात.

“मामू, माझे शब्दच गेले तर?” त्यानं विचारलं. जन्मभर शब्द जुळवणारा मी गप्प राहिलो.

किरणोपचाराचा मार्ग होता. पण त्यानं गुंतवळ बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर धोका कायम. एकदा फुटलेली म्हणून शस्त्रक्रिया ठरली. त्यात रक्त आणणाऱ्या रोहिण्या आधी, एकेक करून बंद करतात. मुख्य नीला अगदी शेवटी. ती आधी बांधली, तर रक्ताला वाट उरत नाही आणि गुंतवळ फुटते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चमचा दाखवला. तो अडला. “ते... खायचं.” नेमका शब्द यायला दीड महिना लागला. त्या दिवशी ईद नसतानाही बहिणीनं शिरखुर्मा केला.