परभाषेचा तास

अध्यापक-महाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण शिक्षक आपल्याबरोबर पारिभाषिक शब्दांची भली मोठी शिदोरी घेऊन येतो. हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, उद्गामी पद्धती, अवगामी पद्धती, हे शब्द पाठ-टाचणाच्या वहीत मोठे शोभून दिसतात. हर्बार्टच्या नावाने चालत आलेल्या पंचपदीवर तर आपल्याकडे कित्येक पिढ्यांचे पाठ बेतले गेले. वास्तविक त्या तत्त्वज्ञाने चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. पाचवी त्याच्या अनुयायांनी जोडली. ते असो. भाषेच्या तासाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या संज्ञा थोड्या आहेत, आणि त्यांतील काहींविषयीच मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

यास निमित्तही आहे. महाराष्ट्र शासनाने 2020 साली कायदा करून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. म्हणजे ज्या मुलाच्या घरी गुजराती, तमिळ किंवा भोजपुरी बोलतात, तेही आता मराठीच्या तासाला बसते. त्याला मराठी शिकविणे म्हणजे मातृभाषा शिकविणे नव्हे. मातृभाषेच्या वर्गात मूल भाषा घेऊनच येते. शिक्षकाने तिला वळण लावावयाचे असते. येथे भाषाच द्यावयाची असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांना हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या मुलांनी तो उलट बाजूने अनुभवलेला असतो.

समजा, असा एक हिंदीभाषक मुलगा उभा राहून म्हणतो, ‘बाई, माझी पुस्तक हरवली.’ ‘किताब’ त्याच्या भाषेत स्त्रीलिंगी. शिवाय हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. तेव्हा ही चूक अज्ञानाची नव्हे, त्याच्या परीने ती सुसंगतच आहे. बाई काय करतील? ‘चूक!’ म्हणून खाली बसवतील, तर तो पुन्हा महिनाभर तोंड उघडणार नाही. ‘माझं पुस्तक हरवलं? कुठं बरं?’ असे सहज म्हणतील, तर त्याला सुधारित पुनरुक्ती म्हणता येईल. ही रीत सौम्य खरी. परंतु कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचे निरीक्षण करून लिस्टर आणि रान्टा या अभ्यासकांनी 1997 साली दाखविले की, शिक्षक हीच रीत सर्वांत अधिक वापरतात आणि मुले तिची दखल सर्वांत कमी घेतात. मुलाला वाटते, बाई आपल्याशी बोलतच आहेत! त्यापेक्षा ‘माझी, की माझं?’ एवढे विचारून थांबले, तर दुरुस्ती मुलाच्याच तोंडून येण्याचा संभव अधिक. अर्थात पुस्तक खरोखरच हरवले असेल, तर आधी ते शोधावे.

थांबणे ही दुसरी गोष्ट. हिला प्रतीक्षाकाल म्हणतात. अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषीने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. ती तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. परभाषेतील प्रश्न समजून घेऊन तिच्यातच उत्तर जुळवायचे, म्हणजे मुलाला वेळ अधिकच लागणार. म्हणून आधी प्रश्न, मग विराम, आणि शेवटी नाव. नाव आधी घेतले, की उरलेला वर्ग सुटकेचा निःश्वास टाकतो.

समूहोच्चाराविषयी थोडक्यात सांगतो. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘तू जग’ यांतला ‘जग’ लिहावयाचे एकसारखे, उच्चारावयाचे निराळे. असे भेद कानात बसविण्यास सर्वांनी एकदम म्हणणे उपयोगी पडते, कारण तेथे लाजाळू मुलाला आडोसा मिळतो. परंतु त्याच आडोशाला काही न शिकलेलाही निभावून जातो.

आणि शिस्त? छडीचा प्रश्न 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेच निकालात काढला आहे. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. जेकब कूनिन यांनी 1970 साली मांडलेला निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. गडबड झाल्यानंतर काय करावे, यात चांगले आणि सामान्य शिक्षक फारसे निराळे नसतात. गडबड होऊच नये म्हणून जे करावयाचे, त्यात ते निराळे असतात. फळ्यावर लिहितानाही ज्याला पाठीमागचा वर्ग दिसतो, त्याचा वर्ग सहसा बिघडत नाही.

तरीही मुलांना बोलण्यासारखे काही नसेल, तर हे सारे व्यर्थ आहे. एन्. एस्. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत, बंगलोर-प्रकल्प म्हणून गाजलेला इंग्रजी अध्यापनाचा प्रयोग केला. त्यांनी व्याकरणाचे क्रमवार पाठ बाजूस ठेवले आणि मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा यांसारख्या वस्तू मांडल्या. एक कोडे शिक्षकाने सर्वांसमवेत सोडवायचे, तसेच दुसरे मुलांनी आपापले. गट पाडण्याचा आग्रह नाही, महागडे साहित्य नाही. खचाखच भरलेल्या वर्गातही हे जमते. मराठीच्या तासाला एस्. टी. चे वेळापत्रक चालेल. दुपारी बारापूर्वी साताऱ्यास पोहोचावयाचे, तर कोणती गाडी धरावी, एवढा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि बाईंनी खडू खाली ठेवावा.