आधी जमणं, मग आवडणं

गणिताच्या शिक्षकांची कुठेही बैठक भरली की एक मागणी हमखास पुढे येते: मुलांना गणिताची गोडी लावा, बाकीचं आपोआप येईल. या मागणीमागे खरी कळकळ आहे. तिच्यापोटीच गणित-जत्रा भरल्या, कोड्यांची पुस्तकं निघाली, चित्रफिती तयार झाल्या, वर्गात पडदे आणि टॅब आले. या अधिवेशनात आज नेमकी हीच मागणी तपासायला घ्यायची आहे. कारण संशोधनात दिसणारा क्रम बऱ्याचदा उलटा आहे. आधी जमतं, मग आवडतं.

कॅनडातल्या १,४७८ मुलांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं पहिलीत, दुसरीत आणि चौथीत असताना त्यांची गणितातली गती आणि गणिताची आवड दोन्ही मोजली गेली. आधीच्या गतीवरून पुढच्या आवडीचा अंदाज येत होता. आधीच्या आवडीवरून पुढच्या गतीचा अंदाज मात्र येत नव्हता. मोठ्या मुलांवरच्या काही अभ्यासांत दोन्ही एकमेकांना हात देताना दिसतात, हेही सांगायला हवं. पण प्राथमिक वर्गांपुरता हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. ज्या मुलीला वजाबाकी जमत नाही तिच्यासमोर कितीही रंगीत खेळ मांडला तरी तिच्या लेखी तो आणखी एकदा हरण्याचाच प्रसंग असतो.

आणि न जमणाऱ्या मुलांची संख्या थोडीथोडकी नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. २०२२ साली हेच प्रमाण २५.६ टक्के होतं, म्हणजे सुधारणा नक्की आहे. पण आठवीतही आकडा ४५.८ टक्क्यांवरच थांबतो. निम्म्याहून अधिक मुलं भागाकाराशिवाय नववीच्या बहुपदींसमोर बसणार आहेत. अशा मुलांना आपण ‘गणिताची आवड नसलेली मुलं’ म्हणतो, हा अन्याय आहे.

दिल्लीतल्या एका अभ्यासाने या अन्यायाचं मोजमापच समोर ठेवलं. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी ६१९ मुलांवर केलेलं हे काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीतली साडेचार इयत्ता. वर्षागणिक पुस्तक पुढे जात होतं आणि मूल होतं तिथेच राहत होतं. सोडत काढून यातल्या काही मुलांना शाळेनंतर ‘माइंडस्पार्क’ केंद्रात जाण्याची संधी दिली गेली. तिथे पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात साहाय्यक शिक्षकाबरोबर काम चाले. संगणक आधी मूल कुठे आहे ते पाहत असे आणि तिथूनच सुरुवात करत असे. साडेचार महिन्यांत संधी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांचे गणिताचे गुण ०.३७ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही वाढ मोठी आहे. तिचं श्रेय पडद्याला देण्याआधी थोडं थांबायला हवं.

संगणकाशिवायही हे घडलेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईत. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवायची आणि मुळापासून घ्यायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची चाचणी घेतली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या वर्षी एकूण गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते. त्याच अभ्यासात वडोदऱ्याच्या पालिका शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले, एका संगणकापुढे दोन मुलं. गणितातली वाढ दुसऱ्या वर्षी ०.४७ इतकी होती. पण उपक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिलं, तेव्हा त्यातली बरीचशी ओसरलेली होती. उद्घाटनाच्या बातम्यांत वाढ छापली जाते, ओसरणं छापलं जात नाही. एका वर्षात फुललेलं पुढच्या वर्षी कोण सांभाळणार, हा प्रश्न योजनेच्या पहिल्याच पानावर असायला हवा.

गुजरातेतच लिंडन यांना आणखी एक गोष्ट सापडली. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुलं ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर, जादा तास म्हणून दिला तेव्हा कल वाढीकडे होता. ज्या शिक्षिकेचा तास काढून घेतला ती मुळातच चांगलं शिकवत होती! पेरूमध्ये ३१९ शाळांच्या अभ्यासात तर ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेने सुमारे सव्वा वर्षात गणितावर आणि भाषेवर काहीच परिणाम केला नाही. यंत्र वाटणं आणि शिकवणं यांतलं अंतर इतकं मोठं आहे.

पण या विषयातलं सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण संगणक वर्गात येण्यापूर्वीचं आहे. अमेरिकेत १९७३ साली स्टॅनली अर्लवँगर यांनी ‘बेनी’ या टोपणनावाच्या बारा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. बेनीच्या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या गतीने छापील पुस्तिका सोडवे; उत्तरं तालिकेशी ताडून पाहिली जात; ८० टक्के बरोबर आलं की पुढची पुस्तिका. आजच्या ‘वैयक्तिक अध्ययन’ ॲपची ही कागदी आवृत्तीच. बेनी झरझर पुढे जात होता, शिक्षिकेच्या मते तो हुशार मुलांपैकी एक होता. अर्लवँगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा वेगळंच बाहेर आलं. पाच दशांश म्हणजे बेनीच्या मते १.५, कारण पाच आणि दहा मिळून पंधरा, मध्ये टिंब. चारशे छेद चारशे म्हणजे ८.००. आणि ०.३ अधिक ०.४ म्हणजे ०.०७. त्याच्याकडे प्रत्येक उत्तरासाठी नियम होता. नियम कुणीतरी बसून रचलेले असतात, आणि तालिकेतलं उत्तर हे खऱ्या उत्तराचं एक रूप आहे, बाकीची रूपं तालिकेला माहीत नसतात, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

इथे प्रेरणेचा प्रश्न नव्हता. बेनीला उत्साह होता, यश दिसत होतं, गती स्वतःची होती. नव्हतं ते एकच: “तुला असं का वाटलं?” असं विचारणारं माणूस. हिरवी खूण आणि शाबासकीची टाळी देणारी आजची ॲप्स हजारो बेनी तयार करू शकतात, आणि गुणपत्रकात ते दिसणारही नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातलं आहे. टेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी तिथे रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला (१९८५). गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली की ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या नारळवाल्याने ३५ क्रुझेरोच्या चार नारळांचे १४० तोंडी बरोबर सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ दिलं तेव्हा उत्तर आलं २००. चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन आधीच तिनात मिळवले, झाले पाच. पुन्हा चार पंचे वीस. शाळेची रीत हाती घेताच त्याने आपली अक्कल बाजूला ठेवली. आपल्याकडे अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या अशाच व्यवहारातल्या गणिताचा अभ्यास केला. घरगुती कारखान्यांत वावरणाऱ्या या मुलांना पैशांचे आणि मोजमापाचे हिशेब ठाऊक असतात. वर्गात मात्र ते हिशेब क्वचितच विचारले जातात.

अशा मुलाला ‘का’ विचारायचं, तर शिक्षकाला स्वतःला तो ‘का’ ठाऊक हवा. लिपिंग मा यांच्या १९९९च्या पुस्तकात शिक्षकांना दोन गोष्टी विचारलेल्या आहेत: पावणेदोन भागिले अर्धा सोडवा, आणि या भागाकाराला लागू पडेल असा प्रसंग रचा. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी नऊ जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आलं. प्रसंग रचताना बहुतेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याचे किंवा अर्ध्याने गुणण्याचे प्रसंग सांगितले. ७२ चिनी शिक्षकांपैकी सर्वांना उत्तर आलं आणि सुमारे ९० टक्क्यांना योग्य प्रसंगही सुचला. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या आपल्या पूर्वजांना साडेतीन हे उत्तर क्षणात आलं असतं. पण पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील हा प्रसंग मुलांसमोर मांडणं, आणि उरलेला पाव मीटर म्हणजे अर्धा तुकडा का, हे त्यांच्याकडून काढून घेणं, ही वेगळी विद्या आहे. आपल्या प्रशिक्षणांत ती फार थोडी शिकवली जाते. पडदा कसा चालू करायचा यावर मात्र दिवसच्या दिवस जातात.

तंत्रज्ञान शिक्षकाच्या हाती पडलं तर काय होतं, याचा नमुना अमेरिकेतल्या मेन राज्यात मिळाला. सातवीच्या मुलांनी गृहपाठ ‘असिस्टमेंट्स’ या संगणकीय साधनावर केला; दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकण्याआधी शिक्षकाला कळे की कुठल्या गणितावर किती मुलं अडली आणि कोणतं चुकीचं उत्तर सर्वांत जास्त आलं. त्या दिवसाचा तास त्यावरून ठरे. ४३ शाळांच्या या अभ्यासात (२०१६) वाढ बेताची, ०.१८ प्रमाण विचलनाची होती, पण खरी होती. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मुलाला पाठापर्यंत नेणारी ही वाट आता तयार आहे. मुलाची चूक शिक्षकापर्यंत आणणारी वाट अजून बांधायची आहे.

त्यासाठी या अधिवेशनाने येत्या वर्षात एक काम अंगावर घ्यावं. प्रत्येक तालुक्यातून पाचवीच्या भागाकाराची चुकलेली उत्तरं गोळा करावीत. ६१२ भागिले ६ बरोबर १२ असं लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. मधलं शून्य कुणी का गाळलं, हे त्या मुलाच्याच शब्दांत एका ओळीत टिपावं. वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, खाली ती ओळ, त्याखाली शिक्षकाने पुढे काय केलं आणि ते लागू पडलं का. मुलाचं नाव नको, शाळेचं नको. दर तिमाहीला हे संकलन सर्व सभासदांकडे जावं आणि पुढच्या अधिवेशनाचं पहिलं सत्र, उद्घाटनाच्याही आधी, त्यावरच्या चर्चेला द्यावं.