कळा सुरू झाल्या म्हणजे घरधन्याने काय करावे?

बाळंतपण म्हटले की आपल्याकडे पुरुषमाणूस ओटीवर जाऊन बसतो. आत सासू, आई, शेजारच्या दोन जाणत्या बाया, बाहेर घरधनी. आपले तिथे काय काम, असे त्याला वाटते, आणि घरातली माणसेही त्याला तसेच सांगतात. आज मला या ओटीवरच्या माणसाशी बोलायचे आहे, त्यातही महाड-पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांतल्या माणसाशी. कारण त्याचे काम शहरातल्या नवऱ्याहून अधिक, आणि ते कळांच्या पुष्कळ आधी सुरू होते.

आधी वाटेचे बोलू. महाड तालुक्यातले तळीये आता साऱ्यांना ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून तिथली कोंडाळकरवाडी गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मदतीची पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. असा अनर्थ दरसाल होत नाही, हे खरे. पण महाबळेश्वरावरचा पाऊस सावित्रीतून महाडात उतरतो, वाटेवर दगडमाती येते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आणि मूल काही पाऊस उघडण्याची वाट पाहत नाही!

म्हणून दिवस आषाढ-श्रावणात भरत असतील, तर पंधरा दिवस आधीच बायकोला खाली, दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवावे. पहिलटकरणीने माहेरी जायचे, हा आपला रिवाज चांगलाच आहे. पण माहेरही असेच एखाद्या दांडावर असले तर? अशा वेळी रिवाज न पाहता रस्ता पाहावा, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांशी हे बोलणे नवऱ्याने स्वतः करावे. सुनेच्या तोंडी ते कोण ऐकणार?

गाडीसाठी १०८ आणि १०२ हे क्रमांक आहेत. १०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून धावते. पण वाडीत फोन लागतोच असे नाही. तेव्हा जीपवाल्याचे घर कोणते, डोली धरायला कोण चौघे येतील, हे आशाताईंच्या सल्ल्याने आधी ठरवावे. खर्चाच्या भीतीने काही जण उशीर करतात. २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, पोट उघडावे लागले तरी तेसुद्धा, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.

कळा ठराविक अंतराने येऊ लागल्या, ते अंतर कमी होत चालले, की निघावे. पाणी गेले किंवा अंगावरून रक्त जाऊ लागले, तर कळांचीही वाट पाहू नये. आणि डोळ्यांपुढे अंधारी, डोके फार दुखणे, झटके, यांत तर एक घटकाही दवडू नये.

आता दवाखान्यातले. पहिल्या खेपेला बारा-पंधरा तास सहज लागतात. हा वेळ बाईने एकटीने काढायचा नसतो. सुश्रुताने बाळंतिणीपाशी चार वयस्क, अनुभवी आणि नखे कापलेल्या स्त्रिया असाव्यात, असे सांगून ठेवले आहे. नखांचे पाहा, किती बारीक लक्ष! आजचे शास्त्रही तेच म्हणते. २०१७ साली निरनिराळ्या देशांतल्या २६ प्रयोगांचा, पंधरा हजारांवर बायांचा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांच्यापाशी सतत कोणीतरी धीर देणारे होते, त्यांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि पोट उघडण्याची वेळही कमी जणींवर आली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला मुभा दिली. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही. तेव्हा नर्सबाईंना नम्रपणे विचारावे. मात्र तिला कोण जवळ हवे, हे तिलाच आधी विचारा. काहींना आईच हवी असते. त्यात रुसण्यासारखे काही नाही.

जवळ राहायला मिळाले, तर करायचे काय? फार नाही. कळ आली की कमरेवर तळहाताने दाबून चोळावे. दोन कळांच्या मध्ये, डॉक्टरांची ना नसेल तर, घोटभर पाणी, पातळ पेज द्यावी. चालावेसे वाटले तर हात धरून चालवावे, निजायचे तर कुशीवर. श्वास हळू सोड, एवढेच म्हणावे. “सगळ्याच बायका बाळंत होतात,” हे वाक्य मात्र गिळून टाकावे! ती ओरडली, तुम्हांलाच बोलली, तरी ऐकून घ्यावे. आणि ‘लवकर मोकळी करा’ म्हणून सुईसाठी डॉक्टरांच्या मागे लागू नये.

मूल झाले, की सारे बाळाभोवती जमतात. तुम्ही आईकडे पाहा. कापड भराभर भिजते आहे, तिला गरगरते आहे, असे दिसले तर तत्काळ हाक मारा. वार पडल्यावरचा हा रक्तस्रावच आईला सर्वांत घातक. बाळाला पहिल्या तासातच छातीशी द्यावे. चीक पिळून टाका म्हणणारी आजी भेटली, तर तिला गोड बोलून थांबवणे हेही तुमचेच काम.

राहता राहिले मुंबईचे चाकरमानी. रजा गणपतीसाठी राखून ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. यंदा घरी दिवस भरत असतील, तर त्यातले आठ दिवस आधीच काढा, आणि तारखेच्या आठवडाभर अगोदरची गाडी पकडा.