विजेचा दिवा आणि कोराडीची राख

(संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थी व सभासद यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वीजनिर्मितीची साधने आणि त्यांचे पर्यावरणावरील परिणाम, हा विषय आमच्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय ऐकायला पुस्तकी वाटतो. परंतु आपण नागपूरकर आहोत. शहरातून उत्तरेकडे निघाले की कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी दिसू लागतात. पुस्तकातला धडा आपल्या वेशीवर उभा आहे.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी घासलेटच्या चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. सकाळी नाकात काजळी निघायची. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही विजेच्या विरुद्ध बोलायला उभे नाही. चिमणीचे दिवस चांगले होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एक रात्र चिमणीजवळ बसून गणित सोडवून पाहावे!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा प्रश्न त्यांच्याच खात्याकडे होता. संविधानाविषयी आपण नेहमी बोलतो, पण बाबासाहेबांच्या या कामाची माहिती आपल्यातही थोड्यांनाच असते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न सरळ दारिद्र्याशी जोडला. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची संख्या फार झाली आहे, त्यांना कारखानदारीकडे नेल्याशिवाय गरिबी हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय कारखानदारी नाही, अशी ती मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. वीज ही गरिबाच्या गरजेची वस्तू आहे, हे त्यांनी अधिकारपदावरून सांगितले. ते ध्यानात ठेवूनच पुढचे ऐकावे.

कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. तो १२० मेगावॅटचा होता. १९८३ पर्यंत तेथे सात संच झाले. त्यांतील बहुतेक आता निवृत्त झाले असून २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आले. शेजारच्या खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे. कारण उघड आहे. कोळसा येथेच निघतो. कामठी, सावनेर, उमरेड या भागांत खाणी आहेत आणि राज्यातील औष्णिक विजेचा मोठा भाग विदर्भातच तयार होतो. वीज तारांवरून मुंबई-पुण्याकडे जाते, राख मात्र तारेवरून जात नाही. ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे आणि आमच्या मते ती रास्त आहे.

आता राख किती, ते पाहू. औष्णिक केंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज तयार होते. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार, शंभरात ३० ते ४० भाग. समजा, अभ्यासिकेचे महिन्याचे बिल ३०० युनिटांचे आले. म्हणजे १९५ किलो कोळसा आणि ३५ टक्के धरून सुमारे ६८ किलो राख. सिमेंटची एक पूर्ण गोणी भरून वर उरेल इतकी. आणि कोराडीचे तीन नवे संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर जवळजवळ पावणेपाच कोटी युनिटे होतात. त्यासाठी सुमारे ३१ हजार टन कोळसा लागतो आणि राख १० हजार टनांवर जाते. हा एका दिवसाचा हिशेब आहे. वीस टनांचा एक असे पाचशेहून अधिक ट्रक!

नवे संच जुन्यांपेक्षा कमी कोळशात तेवढीच वीज देतात, हे खरे आहे. धुरातली बहुतांश राख विजेच्या प्रभाराने पकडणारी यंत्रेही असतात. पण पकडलेली राख नाहीशी होत नाही. काही राख सिमेंट आणि विटांना जाते. बरीचशी पाण्यात कालवून नळाने राखेच्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात तलाव वाळला की वाऱ्याबरोबर ती शेतात, विहिरीत आणि घरात येते. राखेत शिसे, पारा, आर्सेनिक यांचे अंशही असतात आणि ते झिरपून भूजलात उतरू शकतात.

पावसाळ्यात दुसरे संकट. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात खसाळा येथील कोराडी केंद्राच्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचा गाळ शेतात शिरला आणि पुढे कन्हान नदीपर्यंत गेला. याच कन्हानचे पाणी नागपूरच्या काही वस्त्यांच्या नळाला येते. त्याच वर्षी पारशिवनी तालुक्यातील नांदगावच्या तलावात राख टाकणे गावकऱ्यांच्या तक्रारींनंतर थांबवावे लागले. चिमणीची काजळी निदान ज्याचा दिवा त्याच्याच नाकात जात होती. विजेच्या दिव्याची काजळी दुसऱ्या गावात पडते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. ती ज्यांच्या अंगणात पडते ते शेतकरी, मजूर, कोळी आणि राखेचे ट्रक भरणारे कंत्राटी कामगार आपल्यापैकीच आहेत.

धुरातून गंधकाचे वायूही जातात. ते काढणारी यंत्रणा बसविण्याचे बंधन घालणारा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा वर्षांत नियमच थकला म्हणायचा. शिवाय कोळशाच्या प्रत्येक युनिटमागे किलोभर कार्बन वायू हवेत जातो, तो वेगळाच.

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. औष्णिक केंद्राला पाणी फार लागते. भांडेवाडीत नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीला देण्याची योजना झाली, तिची क्षमता दररोज १३ कोटी लिटरची आहे. तेवढे पेंचचे पाणी वाचते. मनात आणले तर करता येते, असा त्याचा अर्थ.

मग दुसरी साधने कोणती? पाण्याची वीज घ्या. आपल्या जवळ तोतलाडोह येथे १६० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथे धूर नाही, राख नाही, पण पेंचच्या जंगलाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. कोयनेने महाराष्ट्राला उजेड दिला, आणि तेथील धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालला. तारापूरची अणुवीज १९६९ पासून आहे. तिला धूर नाही, परंतु तिचा किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या वारा पडला की थांबतात.

राहिला सूर्य. नागपूरच्या उन्हाची तक्रार आपण आयुष्यभर केली. त्याच उन्हात छपरावरचा एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र ज्याला स्वतःचे छप्परच नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याने संच कोठे बसवावा? बंगलेवाल्याचे बिल शून्य आणि झोपडीवाल्याचे तेवढेच, असे व्हायला नको. रात्रीच्या विजेची सोय, जुन्या पाट्यांचा आणि बॅटऱ्यांचा कचरा, हे प्रश्नही आहेतच. तरीसुद्धा राखेच्या तलावाच्या मानाने ते लहान आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली. विरोध झाला, तसेच रोजगारासाठी हे संच हवेत म्हणणारेही होते. कामाची गरज असलेल्या तरुणाला आम्ही दोष देणार नाही. पण अशा सुनावणीपूर्वी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल खुला करावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीतही मिळतो. तो किती जणांनी वाचला? विज्ञान शाखेच्या मुलांनी तो वाचून गावकऱ्यांना समजावून सांगितला, तर ते परीक्षेतील गुणांइतकेच मोलाचे काम होईल.

येत्या रविवारी प्रत्येकाने घरचे वीजबिल अभ्यासिकेत घेऊन यावे. युनिटांच्या आकड्याला ६५० ग्रॅमने गुणा, त्याचे ३५ टक्के काढा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाकडे आकडा विचारावा. सगळ्यांची राख फळ्यावर एकत्र मांडू, आणि मगच आपल्या सभागृहाच्या छपरावर सौर संच बसवायचा की नाही, हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवू.