पहिले घर आणि पदरचा पैसा



मलकापूर, नांदुरा वा शेगाव येथे मुंबईच्या गाडीत बसलेला आपला तरुण कल्याणास उतरतो. नोकरी स्थिरावताच टिटवाळा, आसनगाव, बदलापूर या बाजूंस घर शोधू लागतो. इकडे वडील त्यासाठी शेत विकावयास सिद्ध होतात. म्हणून तीन गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो.

पहिली, मुद्रांकशुल्क, नोंदणी आणि लोकलमध्ये रोज खर्ची पडणारे तास हेही घराच्या किमतीतच धरावेत. दुसरी, महारेरा क्रमांक पडताळल्यावाचून पैसा देऊ नये; 2016 च्या स्थावर संपदा कायद्यान्वये करार नोंदविण्यापूर्वी विकासकास किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तिसरी, पगारातून हप्ता फिटेल एवढेच घर घ्यावे. शेत हा मागे राहिलेल्यांचा घास आहे. तो मोडून मुलाचे छप्पर उभारू नये.

1915 साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत बांधवांनी सहकारी गृहसंस्था स्थापिली. एकट्यास न झेपणारे कार्य अनेकांनी मिळून साधले. आपल्या मंडळाने निदान कागदपत्रे तपासून देणारी जाणत्यांची समिती नेमावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.